माणूस कोणाचा?

बांधकामावर अपघात झाला की रुग्णवाहिका यायच्या आत साइटवर एक प्रश्न फिरू लागतो: माणूस कोणाचा? बिल्डरचा इंजिनिअर आरसीसीच्या कंत्राटदाराकडे बोट दाखवतो, कंत्राटदार सेंटरिंगच्या ठेकेदाराकडे, ठेकेदार मुकादमाकडे, आणि मुकादमाचा फोन बंद असतो. पिंपरी-चिंचवड, वाकड, हिंजवडी या पट्ट्यातल्या छोट्या-मध्यम कंत्राटदारांची वकील आणि कामगार कायद्याची सल्लागार म्हणून मी बरीच वर्षं काम करते आहे. माझी फी मालक देतात आणि कोर्टात मी त्यांचीच बाजू मांडते. तेव्हा पुढचं लिखाण मालकांच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. कामगाराचं नाव कागदावर नीट असण्यात दोघांचंही भलं आहे, एवढंच मला सांगायचं आहे, आणि ते मी पक्षकारांना रोज सांगते.

माझ्याकडे येणारे बहुतेक कंत्राटदार लबाड नसतात. कुणी आधी सुपरवायझर होता, कुणी प्लंबिंगची किरकोळ कामं घेत घेत मोठा झाला, कुणी नगर-बीडकडून येऊन स्वतः सेंटरिंग ठोकलेली असते. चौरस फुटाच्या उक्त्या दराने काम घ्यायचं, त्यातलं निम्मं पुन्हा उक्त्यावर द्यायचं, सिमेंट-सळई बिल्डरची आणि माणसं खालच्या ठेकेदाराची, असा हा धंदा चालतो. वर्क ऑर्डरच्या शेवटच्या पानावर एक ओळ ठरलेली असते: 'कामगारांची सर्व जबाबदारी सब-कॉन्ट्रॅक्टरची राहील.' या ओळीवर त्यांचा इतका विश्वास असतो की अपघातानंतर ते सगळ्यात आधी तेच पान माझ्या टेबलावर ठेवतात.

ती ओळ खोटी नाही. ती दोन ठेकेदारांच्या आपसातली आहे, कामगाराला ती बांधत नाही. १९२३ च्या भरपाई कायद्याचं कलम १२ स्पष्ट होतं. आपल्या धंद्याचं काम दुसऱ्याला ठेक्याने दिलं, आणि आपल्या ताब्यातल्या जागेवर त्या ठेकेदाराचा माणूस ते काम करताना जखमी झाला किंवा गेला, तर काम देणाऱ्याकडून भरपाई मागता येते, तो त्याचाच माणूस असल्यासारखी. आधी भरा, मग ठेकेदाराकडून वसूल करा. पगाराचंही तसंच. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ नुसार ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची आणि नंतर त्याच्या बिलातून कापायची. वसुलीचा हक्क आहे खरा, पण भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या आणि तीन महिन्यांनी नंबर बदलणाऱ्या लेबर ठेकेदाराकडून वसूल काय करणार?

एक प्रकरण सविस्तर सांगते. आरसीसीची कामं घेणारा माझा एक पक्षकार. त्याच्या साइटवर परांचीवरून पडून तीस वर्षांचा एक सेंटरिंग कारागीर गेला. हा पक्षकार पळाला नाही. पोस्टमॉर्टेमपासून शव गावी पोहोचवेपर्यंत सगळं त्याने केलं, सोबत आपला माणूस पाठवला. मयताचा भाऊ त्याच साइटवर होता. त्याच्या हातात दोन लाख रुपये रोख दिले आणि पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं की आमची काही तक्रार नाही, यापुढे काहीही मागणार नाही. दोन साक्षीदार, अंगठा, नोटरीचा शिक्का. वर्ष उलटून गेल्यावर पुण्याच्या कामगार न्यायालयातून नोटीस आली. आमच्याकडे भरपाईचे आयुक्त म्हणून कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच बसतात. दावा विधवेने लावला होता. कायद्याने तिला तो स्वतःच्या गावच्या भागातल्या आयुक्तांकडेही लावता आला असता.

"मॅडम, मी काय तोंड लपवलं का?" तो म्हणाला. "दोन लाख मोजून दिलेत. हा बघा कागद."

कागद मी वाचला. मग त्याला कलम ८ वाचून दाखवलं. कामगाराचा मृत्यू झाला असेल तर भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची. मालकाने परस्पर वारसांच्या हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरलीच जात नाही. सवलत एवढीच, की तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल वारसांना देता येते आणि तेवढीच नंतर वळती होते. कलम १७ त्याहून कडक: भरपाईचा हक्क सोडून देणारा करार, मग तो कितीही साक्षीदारांपुढे झालेला असो, रद्दबातल. त्याचा स्टॅम्पपेपर कोर्टात निव्वळ कागद होता.

त्याला राग आला, आणि तो राग मी समजू शकते. माणुसकीने वागलेल्या माणसाला कायदा म्हणतो की तुझे दोन लाख हिशेबात नाहीत. पण तो नियम कशासाठी आहे ते या प्रकरणातच दिसलं. ते पैसे विधवेपर्यंत पोहोचलेच नव्हते. भावाने गावाकडचं सावकाराचं देणं फेडलं, उरलेल्यात क्रियाकर्म केलं. तोही चोर नव्हता, कर्ज घरचंच होतं. मृत्यूनंतर पैसे साइटवर हजर असलेल्याच्या हातात पडतात आणि बायको-मुलं शेकडो मैलांवर असतात, हे १९२३ साली कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी मध्ये आयुक्त बसवला. तो वारस कोण ते तपासतो, वाटे ठरवतो आणि अज्ञान मुलांच्या वाट्याची रक्कम ठेवीत ठेवायला लावतो. शंभर वर्षं जुनी ही तरतूद मला आजही फार शहाणी वाटते.

आता हिशेब. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के गुणिले वयानुसारचा गुणांक. प्रत्यक्ष मजुरी जास्त असली तरी २०२० पासून हिशेबासाठी वेतन १५,००० रुपयांपर्यंतच धरलं जायचं. तीस वर्षांचा गुणांक २०७.९८. साडेसात हजाराने गुणा: १५,५९,८५० रुपये. अंत्यविधीचे पाच हजार वेगळे. भरपाईचं देणं अपघाताच्या दिवशीच लागू होतं. महिन्याभरात दिलं नाही तर १२ टक्के व्याज, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंड. व्याजच महिन्याला साडेपंधरा हजार चढत होतं, म्हणजे कायद्याच्या हिशेबातल्या महिन्याच्या पगाराहून थोडं जास्त. हा आकडा मी कॅल्क्युलेटरवर काढून त्याच्यापुढे सरकवला तेव्हा त्याने पाणी मागितलं.

त्याच्याकडे कामगार भरपाईच्या विम्याची (डब्ल्यूसी) पॉलिसी होती, सगळ्या कंत्राटदारांकडे असते, कारण तिच्याशिवाय बिल्डर गेट उघडत नाही. पण पॉलिसी घेताना हप्ता वाचवायला त्याने स्वतःची मोजकी माणसं दाखवली होती. खालच्या ठेकेदाराची माणसं धरायची तर तसं वेगळं लिहून घ्यावं लागतं, तेवढा हप्ता भरावा लागतो. ते केलेलं नव्हतं. विमा कंपनीचा पहिला प्रश्न अर्थातच आमच्या साइटवरचाच निघाला: हा माणूस कोणाचा?

उत्तर शोधायला मी हजेरीची वही मागवली. लांबट, लाल पुठ्ठ्याची, घडीवर सिमेंटची पूड बसलेली. मुकादमाच्या अक्षरात नावांचा रकाना होता, त्यात 'राजू', 'राजू छोटा', 'बंगाली', 'चष्मावाला', 'बंगाली २'. पुढे तारखांखाली उभ्या रेघा, दीड हजेरीला रेघेशेजारी अर्धी रेघ, शनिवारी दिलेल्या खर्चीचे आकडे लाल शाईत. हिशेब पैशापर्यंत चोख. मयताच्या ओळीत अपघाताच्या दिवसापर्यंत रेघा होत्या आणि पुढे रकाने मोकळे, पण त्या ओळीच्या सुरुवातीला त्याचं नाव नव्हतं. 'बंगाली २' हाच तो, हे सिद्ध करायला आम्हाला मुकादमाला शोधून साक्षीला आणावं लागलं. तो आला, खरं बोलला, म्हणून पुढचं मार्गी लागलं.

शेवटी निकालात मूळ बिल्डर आणि माझा पक्षकार दोघांवरही जबाबदारी आली. बिल्डरने रक्कम भरली आणि माझ्या पक्षकाराच्या बिलांतून रोखून ठेवलेल्या रकमेतून (रिटेन्शन) वळती केली. नोटीस मिळताच काही रक्कम आम्ही आपणहून जमा केली होती, त्यामुळे दंड टळला. दंड लागला असता तर तो विम्यातूनही भरून निघाला नसता, तो मालकाच्या खिशातूनच जातो. भावाला दिलेल्या दोन लाखांतली तीन महिन्यांच्या पगाराएवढी रक्कमच वळती झाली. तो आजही माझा पक्षकार आहे, आणि आता हजेरी स्वतः तपासतो.

बायकांच्या बाबतीत तर वहीत अर्धी ओळही नसते. आपल्याकडे बिगारी जोडीने ठेवायची पद्धत आहे. नवराबायको दोघं घमेली उचलतात, हजेरी मात्र नवऱ्याच्या नावाने 'जोडी' अशी लागते आणि पैसे त्याच्याच हातात पडतात. एका प्रकरणात मिक्सरमध्ये अडकून पस्तिशीच्या बाईच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. ठेकेदाराचं म्हणणं असं की ती कामावर नव्हतीच, नवऱ्याचा डबा घेऊन आली होती. मी ठेकेदाराचीच वकील होते. त्याचं बोलणं मला पटेना, म्हणून गेटवरचं सिक्युरिटीचं रजिस्टर मागवलं. रोज सकाळी साडेआठच्या आसपास तिची आत येण्याची नोंद, संध्याकाळी बाहेर जाण्याची नोंद, आणि नावापुढे तिचा अंगठा. असे सलग चार महिने. वॉचमनने ते काम मन लावून केलं होतं. त्या इमारतीवर ती राबत होती याचा एवढाच लेखी पुरावा होता.

ते पाहिल्यावर मी ठेकेदाराला सांगितलं की 'डबा' हा शब्द परत काढायचा नाही. कायद्याच्या परिशिष्टात एका हाताची दोन बोटं गेल्यास कमाईच्या क्षमतेत २० टक्के घट धरली आहे. हिशेब होतो वेतनाच्या ६० टक्क्यांवर. पस्तीस वर्षांचा गुणांक १९७.०६, म्हणजे ३,५४,७०८ रुपये. पण तक्त्यावर थांबता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या खटल्यात १९७५ साली ठरवलं की डावा हात गमावलेला सुतार एका हाताने सुतारकाम करूच शकत नाही, म्हणून त्याचं नुकसान शंभर टक्के. तो सुतार एका चित्रपटगृहात काम करताना पडला होता. उजव्या हाताची पकड गेलेल्या बाईने घमेलं कसं उचलायचं, हा प्रश्न समोरच्या वकिलांनी उभा केला असता तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तक्त्यापेक्षा वरच्या रकमेवर समझोता झाला. तोही साध्या कागदावर चालत नाही, आयुक्तांकडे नोंदवावा लागतो, आणि बाईला द्यायची एकरकमी भरपाईही त्यांच्याकडेच जमा करावी लागते. रक्कम तिच्या नावाच्या खात्यात गेली. ते खातं त्यासाठीच उघडलं होतं.

कंत्राटदारांशी माझा सगळ्यात जास्त वाद होतो तो ९० दिवसांच्या दाखल्यावरून. राज्यात महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर लावला, तो या मंडळाकडे जातो. अठरा ते साठ वयाच्या, वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराची नोंदणी होते. मुलांच्या शिक्षणाला मदत, बाळंतपणाला मदत, कामावर अपघाती मृत्यू आल्यास वारसांना पाच लाख. लोकांना यातली पेटी आणि भांड्यांचा संच तेवढा माहीत असतो. नोंदणीला ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि तो कंत्राटदाराने द्यायचा असतो. तिथे माझ्या पक्षकारांचा हात अडतो. 'सही केली तर उद्या हा माझा माणूस ठरेल ना मॅडम!' अहो, तो आजच तुमचा आहे. कायद्याला तुमच्या सहीची गरज नाही. सही केलीत तर मंडळाचे पाच लाख तरी त्या घरात जातील. उपकर तुमच्या कामाच्या खर्चातूनच कापला गेला आहे, मग त्याचा उपयोग तुमच्याच माणसाला का होऊ देत नाही? सही मिळत नाही म्हणून कामगार नाक्यावरच्या एजंटाकडे जातो आणि पैसे मोजून खोटा दाखला घेतो. खऱ्या कामगाराला खोटा दाखला विकत घ्यावा लागतो याची मला चीड येते. २०२० च्या टाळेबंदीत मंडळाने नोंदणी असलेल्यांच्या खात्यात सुरुवातीला दोन हजार रुपये टाकले. त्या दिवसांत पायी निघालेल्यांमध्ये नोंदणी नसलेले किती होते ते ज्याने-त्याने आठवावं.

पुण्यात मोठा अपघात झाला की काही आठवडे माझा फोन थांबत नाही. २०१६ साली बालेवाडीत स्लॅब कोसळून नऊ कामगार गेले, २०१९ च्या जूनअखेरीस कोंढव्यात सोसायटीची भिंत लगतच्या लेबर शेडवर पडून पंधरा जीव गेले, त्यांत मुलंही होती. त्यानंतर कंत्राटदार विचारतात, शेड कुठे बांधायची, जाळी कुठे लावायची, बेल्ट किती घ्यायचे. साइटजवळ फुकट तात्पुरता निवारा देणं ही १९९६ च्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे मालकाचीच जबाबदारी होती. मग पावसाळा संपतो आणि विचारणं थांबतं.

मालकाची बाजूही इथे मांडायलाच हवी, कारण ती फार कमी वेळा मांडली जाते. पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा हा नियम आहे, पण कंत्राटदाराच्या रनिंग बिलाला तशी तारीख बांधणारं कुणी नाही. मोजमाप झालं, मोजमाप वही (एमबी) भरली, बिल सादर झालं, आणि पुढे चार-चार महिने शांतता. सरकारी कामांत तर विचारू नका. २०२५ मध्ये थकीत बिलांसाठी राज्यभरातले कंत्राटदार रस्त्यावर आले होते. अशा वेळी माणसांची खर्ची द्यायला घरचं सोनं गहाण ठेवलेले कंत्राटदार मी पाहिले आहेत. म्हणून मी त्यांच्या वर्क ऑर्डरमध्ये दोन गोष्टी आग्रहाने घालते. बिल प्रमाणित झाल्यापासून किती दिवसांत पैसे, आणि ते न मिळाल्यास काम थांबवण्याचा हक्क. तोंडी सांगितलेलं जादा काम त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून आर्किटेक्टला पाठवायचं, हे तिसरं. वाकडच्या एका कामात भिंतींचं वाढीव बिल अशाच एका संदेशावर निघालं.

पीएफचा गोंधळ हा वेगळ्या लेखाचा विषय. एकाच कामगाराचे तीन यूएएन, तिन्हींत नावाचं स्पेलिंग वेगळं, आधारवर चौथंच. कापलेला पैसा कुठे तरी आहे, पण तो त्याचा आहे हे सिद्ध करणं त्याच्या कुवतीबाहेरचं. माझ्या पक्षकारांना मी एवढंच सांगते की खालच्या ठेकेदाराचं बिल पगारपत्रक आणि पीएफचं चलन जोडल्याशिवाय पास करायचं नाही. महिना-दोन महिने कुरकूर होते, मग सवय लागते.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि जुने एकोणतीस कायदे त्यांत गेले. लगेच फोन सुरू झाले: मॅडम, म्हणजे १९२३ चा कायदा गेला ना? कायद्याचं नाव गेलं, भरपाईची जबाबदारी सामाजिक सुरक्षा संहितेत जशीच्या तशी आली. कंत्राटी कामगारांची मजुरी बुडाली तर मूळ मालकाने द्यायची, हेही राहिलं. नवी आणि मला मनापासून आवडलेली तरतूद म्हणजे प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र. त्याचा मसुदा मी मराठी आणि हिंदीत केला, बंगालीत एकाकडून करून घेतला. एका पानाचं पत्र आहे. आधारप्रमाणे नाव, कामाचा प्रकार, रोजचा दर, कोणत्या ठेकेदारामार्फत आला, आणि खाली घरच्या माणसाचं नाव, नातं, गाव, फोन. लग्न झालेल्याच्या पत्रात तिथे बायकोचं नाव असावं असा माझा आग्रह आहे, आणि जोडीने काम करणाऱ्यांना दोन वेगळी पत्रं.

परवा एका जुन्या पक्षकाराने हरकत घेतली. स्लॅबला माणसं नाक्यावरून येतात, बारा दिवसांनी निघून जातात, त्यांना कसली पत्रं द्यायची? मी म्हटलं, पडायला बारा दिवस लागत नाहीत, पहिल्या दिवशीच देऊ. तो म्हणाला, मुकादमाला लिहिता येत नाही. मग आम्ही ठरवलं की गेटवरचा वॉचमन आधारचा फोटो काढून साइट इंजिनिअरला पाठवेल, इंजिनिअर नाव भरून पत्र छापेल, आणि पत्र हातात पडल्यावरच हेल्मेट मिळेल. येत्या सोमवारी त्याच्या रावेतच्या साइटवर सुरुवात करतो आहोत.